‘रक्त कमी आहे’ म्हणजे नेमकं काय? अ‍ॅनिमियाचे नेहमीचे प्रकार आणि त्यांची कारणं

(इंदिरानगर, नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय तसा प्रत्येकाच्या घरातला आहे. आपल्याकडे एखादीचा चेहरा फिका दिसला, जिना चढताना धाप लागली, की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "हिच्या अंगात रक्तच नाही." मग डाळिंब येतं, बीट येतं, औषधांच्या दुकानातून टॉनिकची बाटली येते. महिना-दोन महिने जातात. फरक पडला तर उत्तम, नाही पडला तर बाटली बदलते. या सगळ्यात एक प्रश्न विचारायचा राहून जातो, तो म्हणजे रक्त कमी झालं कशामुळे?

आज मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. अ‍ॅनिमिया, म्हणजे आपण ज्याला रक्तक्षय किंवा पंडुरोग म्हणतो, ती एक खूण आहे. ताप आला की आपण विचारतो ना, की हा कशाचा ताप? मलेरिया, टायफॉइड की डेंगी? तोच प्रश्न इथेही विचारायला हवा. कारण प्रत्येक प्रकाराचं औषध वेगळं आहे, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर काही वेळा नुकसान होतं.

आधी प्रश्न केवढा मोठा आहे ते बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया आढळला. त्याआधीच्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, हा आकडा ४८ टक्के होता. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तो ६८.९ टक्के निघाला. पुरुषांमध्येही जवळपास २२ टक्के. म्हणजे या सभागृहात बसलेल्या बायकांपैकी निम्म्या जणींना हे लागू असू शकतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना ते माहीत नसेल. कारण हे हळूहळू होतं, आणि शरीराला सवय होते. "मला काही होत नाही हो, जरा थकवा येतो इतकंच," असं म्हणत वर्षं निघून जातात.

रक्त तयार कसं होतं?

रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे येतो. हिमोग्लोबिन हे एक प्रथिन आहे. त्याच्या मध्यभागी लोह असतं, आणि हे लोहच फुप्फुसातला प्राणवायू पकडून सगळ्या शरीरभर पोचवतं. हिमोग्लोबिन भरलेलं असतं लाल पेशींमध्ये. या पेशी हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होतात. एक पेशी साधारण १२० दिवस जगते. रोज जुन्या पेशी मोडीत निघतात आणि नव्या येतात. हा वेग किती? तर सेकंदाला सुमारे २० लाख पेशी. मी हे वाक्य बोलेपर्यंत तुमच्या शरीरात कोट्यवधी नव्या पेशी आल्यासुद्धा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे हिमोग्लोबिन पुरुषांमध्ये १३ च्या खाली, स्त्रियांमध्ये १२ च्या खाली आणि गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की त्याला अ‍ॅनिमिया म्हणतात. हे आकडे १०० मिलिलिटर रक्तात किती ग्रॅम, असे असतात.

आता विचार करा. ज्या वस्तूचं रोज उत्पादन होतं आणि रोज मोड निघते, ती कमी पडायला कारणं कोणती असणार? तीनच. एक, माल तयारच कमी होतोय. दोन, माल बाहेर सांडतोय. तीन, माल वेळेआधीच फुटतोय. अ‍ॅनिमियाचे सगळे प्रकार या तीन खणांत बसतात. काही वेळा एकाच माणसाला दोन खणांतली कारणं असतात, तेही लक्षात ठेवा.

लोहाची कमतरता

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार हाच. पण त्यातलं एक गणित फार थोड्यांना माहीत असतं.

आपल्या शरीरात सगळं मिळून लोह असतं तीन ते चार ग्रॅम. एक छोटा खिळा होईल, एवढंच. जुन्या पेशी मोडल्या की त्यातलं लोह शरीर फेकून देत नाही. भंगारातून सगळं वेचून पुन्हा नव्या पेशीत घालतं. त्यामुळे बाहेरून रोज फक्त एक ते दोन मिलिग्रॅम लोह रक्तात शोषलं गेलं तरी पुरतं. इतका काटकसरीचा संसार आहे हा.

मग कमतरता का येते? एक मिलिलिटर रक्त गेलं की अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे १५ ते २० मिलिग्रॅम लोह. ८० च्या वर गेलं तर ४० मिलिग्रॅम. एका गरोदरपणात सगळं मिळून सुमारे १००० मिलिग्रॅम लोह जास्तीचं लागतं. पाळीत अंगावरून जास्त जातंय, त्यात दोन बाळंतपणं लागोपाठ झाली, आणि घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरेल ते ती खाते. शिल्लक कुठून राहणार?

म्हणून "खाणं सुधारा" एवढं सांगून भागत नाही. सांडतंय कुठे, ते आधी बघायला लागतं. पाळी जास्त जाते का? मूळव्याध आहे का? गुडघ्यासाठी रोज वेदनाशामक गोळ्या घेऊन जठरात जखम झाली आहे का? शेतात अनवाणी काम करणाऱ्यांच्या पोटात अंकुशकृमी असतात. मातीतून पायाच्या कातडीवाटे ते शरीरात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. एकाचं पिणं थेंबाच्या अंशाइतकं, पण ते शेकड्यांनी असतात. शाळेत मुलांना जंताची गोळी देतात, ती याचसाठी.

आणि आता जे सांगतोय ते कृपा करून लक्षात ठेवा. पन्नाशीच्या पुढचा पुरुष, किंवा पाळी गेलेली बाई, यांना लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया निघाला, तर नुसत्या गोळ्या घेऊन थांबायचं नाही. पाळी नाही, बाळंतपण नाही, मग रक्त जातंय कुठे? पोटातून, आतड्यातून जात असेल तर ते डोळ्यांना दिसेलच असं नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची पहिली खूण पुष्कळदा हीच असते. गोळ्यांनी हिमोग्लोबिन थोडं वर येतं, माणूस निर्धास्त होतो, आणि आतला आजार वाढत राहतो.

गिरणीतल्या बायका आणि मार्माइट

दुसरा प्रकार सांगण्याआधी एक जुनी हकिकत सांगतो. ती आपल्या मुंबईतली आहे, पण मुंबईतच फार थोड्यांना ठाऊक आहे.

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिचं काम होतं. त्या काळी मुंबईत गरोदर बायका फार दगावत. विशेषतः कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांमध्ये गरोदरपणात भयंकर अ‍ॅनिमिया होत असे. तो लोहाच्या कमतरतेसारखा दिसत नव्हता. लोह कमी असलं की लाल पेशी लहान आणि फिक्या होतात. या बायकांच्या पेशी उलट मोठ्या, फुगलेल्या होत्या.

तशाच मोठ्या पेशींचा एक जीवघेणा अ‍ॅनिमिया युरोप-अमेरिकेत माहीत होता. १९२६ साली बोस्टनमध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवलं होतं, की रुग्णाला रोज भरपूर यकृत, म्हणजे कलेजी, खायला घातली तर तो बरा होतो. १९३४ साली व्हिपल यांच्यासोबत त्यांना या कामाचं नोबेल मिळालं. म्हणजे मोठ्या पेशी दिसल्या की यकृताचा अर्क द्यायचा, असं सोपं उत्तर समोर होतं. विल्सबाईंनी ते पारखून पाहिलं. यकृताचा शुद्ध केलेला अर्क, जो त्या दुसऱ्या आजारात गुण देत होता, तो इथे चालेना. म्हणजे पेशी सारख्याच दिसत होत्या, पण कारण वेगळं होतं.

बाईंनी मग या बायका काय खातात, कशा राहतात, ते तपासलं. तसाच आहार उंदरांना, माकडांना देऊन पाहिला. यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा एक स्वस्त अर्क इंग्लंडमध्ये लोक पावाला लावून खातात. तो दिल्यावर एक आजारी माकड सुधारलं. मग तोच बायकांना दिला, आणि त्या बऱ्या व्हायला लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. यीस्टमध्ये नेमकं काय आहे ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक जीवनसत्त्व वेगळं काढलं गेलं. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून त्याचं नाव पडलं फोलिक अ‍ॅसिड. विल्सबाईंच्या मार्माइटात तेच होतं.

आज आपल्या सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला १८० दिवसांसाठी ज्या गोळ्या देतात, त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं. त्यातल्या फोलिक अ‍ॅसिडचा उगम मुंबईच्या गिरणीतल्या त्या बायकांपर्यंत जातो. ही गोष्ट सांगायचं कारण एवढंच, की "का?" हा प्रश्न विचारला म्हणून त्या वाचल्या.

बी-१२ ची कमतरता

मोठ्या पेशींचं दुसरं कारण म्हणजे बी-१२ हे जीवनसत्त्व. बोस्टनमध्ये यकृत देऊन जो आजार बरा होत होता तो हाच. त्या रुग्णांच्या जठरात बी-१२ शोषायला लागणारा एक घटक तयार होत नसे. आपल्याकडे कारण बहुतेक वेळा आहाराचं असतं. बी-१२ वनस्पतींत नसतं. ते मांस, मासे, अंडी आणि दूध-दह्यात असतं. शुद्ध शाकाहारी घरात, जिथे दूधही चहापुरतंच येतं, तिथे ते कमी पडतं. यकृतात काही वर्षं पुरेल इतका साठा असतो, म्हणून कमतरता उशिरा उघडी पडते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणारे, आणि आम्लपित्तासाठी रोज सकाळी गोळी घेणारे, यांच्यातही बी-१२ कमी होऊ शकतं.

इथला धोका असा, की बी-१२ नुसतं रक्ताला लागत नाही, ते मज्जातंतूंनाही लागतं. तळव्यांना मुंग्या येतात, चालताना पायाखाली कापूस आहे असं वाटतं, अंधारात तोल जातो, विसरायला होतं. अशा माणसाने स्वतःच्या मनाने नुसत्या फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेतल्या, तर काय होतं? रक्त सुधारतं, रिपोर्ट छान येतो, आणि नसांचं नुकसान मात्र आतून चालूच राहतं. फार उशीर झाला तर ते भरून येत नाही.

लोह आहे, पण मिळत नाही

तिसरा प्रकार जुनाट आजारांचा. क्षयरोग, संधिवात, दीर्घकाळ चाललेला संसर्ग. जंतूंनाही वाढायला लोह लागतं. म्हणून आजारपणात शरीर आपलं लोह कोठारात कुलूपबंद करून ठेवतं. जंतूंना मिळू नये ही युक्ती, पण त्यात अस्थिमज्जाही उपाशी राहते. इथे लोहाची बाटली देऊन फार काही होत नाही. मूळ आजार बरा झाला की कुलूप उघडतं.

मूत्रपिंडाचंही तसंच. नव्या पेशी बनवा, असा निरोप अस्थिमज्जेला मूत्रपिंडाकडून एका संप्रेरकामार्फत जातो. त्याचं नाव एरिथ्रोपोएटिन. मूत्रपिंड निकामी होत गेलं की तो निरोपच जात नाही. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन हळूहळू उतरत असेल, तर म्हणून क्रिएटिनिन बघायचं.

क्वचित अस्थिमज्जेचा कारखानाच बंद पडतो. मग लाल पेशींबरोबर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही कमी होतात. तिन्ही आकडे एकदम खाली दिसले तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आईवडिलांकडून आलेला अ‍ॅनिमिया

आता पेशी वेळेआधी फुटण्याचे प्रकार. मलेरियात फुटतात, काही जणांत औषधांमुळे फुटतात. पण आपल्या भागात सांगायला हवेत ते दोन आनुवंशिक प्रकार: सिकलसेल आणि थॅलेसेमिया.

हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ मणी असतात. त्यातला सहावा मणी बदलला की झाला सिकलसेल. एवढासा फरक. पण प्राणवायू कमी झाला की हे हिमोग्लोबिन आतल्या आत गोठल्यासारखं होतं आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. आपल्या इंदिरानगरच्या बोगद्यात एक मोठी गाडी आडवी झाली की मागे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. (हशा) बारीक रक्तवाहिन्यांत तेच होतं. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, आणि हाडांत असह्य वेदना सुरू होतात. अशी पेशी १२० दिवसही टिकत नाही, दहा-वीस दिवसांत फुटते.

नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात, भिल्ल, पावरा, गोंड, माडिया अशा समाजांत आणि विदर्भातल्या इतरही काही समाजांत हा जनुक आहे. त्याचं कारण मलेरिया. ज्याला आईवडिलांपैकी एकाकडूनच हा जनुक मिळतो, त्याला बहुधा काही त्रास होत नाही, उलट घातक मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. म्हणून मलेरियाच्या जंगलपट्ट्यात तो टिकला. यात कोणाचा दोष नाही, आणि हे लाज वाटण्यासारखंही नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. त्यात सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे.

थॅलेसेमियात हिमोग्लोबिनची साखळी कमी बनते. आपल्याकडे सिंधी, लोहाणा, कच्छी, पंजाबी कुटुंबांत याचं प्रमाण जास्त दिसतं, पण तो कुठल्याही समाजात असू शकतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजरचं होण्याची शक्यता चारात एक असते. अशा मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. त्या रक्तातून लोह इतकं साचतं, की ते काढायला वेगळी औषधं लागतात.

आणि जो फक्त वाहक आहे त्याचं काय? त्याचं हिमोग्लोबिन दहा-अकराच्या आसपास, पेशी लहान. रिपोर्ट अगदी लोहाच्या कमतरतेसारखा दिसतो. मग वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चालू राहतात. आकडा काही हलत नाही, आणि नको असलेलं लोह साचण्याची भीती. खरं कारण कोणी तपासलंच नाही, तर लग्नाच्या वेळीही ते कोणाला कळत नाही.

रिपोर्टमध्ये काय बघायचं?

सीबीसी नावाची साधी तपासणी असते. त्यात हिमोग्लोबिनच्या खाली एमसीव्ही असा आकडा असतो. तो म्हणजे पेशीचा सरासरी आकार, साधारण ८० ते १००. ८० च्या खाली असेल तर पेशी लहान, म्हणून लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया. १०० च्या वर असेल तर मोठी, म्हणून बी-१२ किंवा फोलिक अ‍ॅसिड. दोन्ही कमतरता एकदम असतील तर सरासरी मधेच येऊन फसवते, म्हणून काचपट्टीवर रक्त पसरून पेशी डोळ्यांनी बघणं महत्त्वाचं. पेशी लहान, पण त्यांची संख्या मात्र ५० लाखांच्या वर, असं दिसलं तर थॅलेसेमियाची शंका घ्यायची. लोहाचा साठा फेरिटिन सांगतं. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हिमोग्लोबिनच्या एचपीएलसी तपासणीत कळतात.

लोहाची कमतरताच असेल तर योग्य गोळ्यांनी महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने तरी वाढायला हवं. नाही वाढलं, तर बाटली बदलू नका, निदान पुन्हा तपासून घ्या. आणि आकडा भरला तरी आणखी तीन महिने गोळ्या घ्यायच्या असतात. कारण आधी रक्त भरतं, कोठार नंतर.

श्रोत्यांचे प्रश्न

*डाळिंब आणि बीट खाऊन रक्त वाढतं का?*

आपला जिल्हा डाळिंबाचा, त्यामुळे जरा जपून बोलतो. (हशा) दोन्ही जरूर खा, पण १०० ग्रॅम डाळिंबात किंवा बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. बाईने रोजच्या आहारातून २९ मिलिग्रॅम लोह घ्यावं अशी शिफारस आहे. रंग लाल म्हणून रक्त वाढेल, असं होत नाही. त्यापेक्षा बाजरी, मटकी, हरभरे, अळीव यांत कितीतरी जास्त लोह आहे. उसळीवर लिंबू पिळा, क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो लोह अडवून धरतो. तासभर थांबा.

*लोखंडी कढई वापरली तर फायदा होतो का?*

होतो. आमटीत चिंच-आमसूल असेल तर थोडं जास्त लोह उतरतं. पण हिमोग्लोबिन सात असेल तर कढईवर अवलंबून राहायचं नाही, औषधच लागतं.

*गोळ्यांनी पोट बिघडतं, शौचाला काळं होतं. बंद कराव्यात का?*

काळा रंग लोहाचाच आहे, घाबरू नका. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करता येते, एक दिवसाआड देता येतात. स्वतःहून बंद करू नका.

*थॅलेसेमियाची तपासणी कधी करावी?*

लग्नाआधी केली तर उत्तम. पत्रिका जुळवताना इतके कागद बघतो, त्यात हा एक कागद वाढवायचा. दोघांपैकी एकच वाहक असेल तर लग्नाला काहीच हरकत नाही. लग्न झालेलं असेल तर गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत तरी नक्की करा. दोघंही वाहक निघाले, तर गर्भाची तपासणी करता येते आणि विचार करायला वेळ मिळतो. उशीर झाला की तो वेळ राहत नाही.

वेळ संपत आली आहे. घरी गेल्यावर आपले आणि घरातल्या बायकांचे जुने रिपोर्ट काढून एमसीव्हीचा आकडा एकदा बघा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा, की हे कशामुळे झालंय?